दिवाळीच्या सुट्टीत स्पेन: एक जॅकेट पुरेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक कुटुंब २० ऑक्टोबरपासून पंधरा दिवस स्पेनला येतंय. मार्ग बार्सिलोना, सारागोसा, सान सेबास्टियन, माद्रिद (तिथून एक दिवस आव्हिला), सेव्हिल, ग्रानादा आणि शेवटी व्हॅलेन्सिया. बरोबर सत्तरीला टेकलेले आईबाबा. कुठेतरी वाचलंय की ऑक्टोबरअखेर स्पेनचं सरासरी तापमान १७-१८ अंश असतं. मग पुण्याच्या थंडीसारखंच झालं की! एकेक हलकं जॅकेट पुरेल ना?

नाही पुरणार. पण जॅकेटाआधी त्या सरासरीबद्दल बोलू.

मी मूळचा साताऱ्याचा. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामावर शिकलो आणि गेली अठरा वर्षं सारागोसात राहतोय. वारा मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. पवनचक्की उभी करायची तर आधी त्या माळावर उंच मास्ट लावून निदान वर्षभर वारा, तापमान, दाब मोजावा लागतो. त्यापायी या देशाच्या बहुतेक कोपऱ्यांत भिजलोय, भाजलोय आणि गारठलोय. आणि तरीही मला कुणी 'स्पेनचं हवामान कसं असतं' असं विचारलं की मी त्याला उलट विचारतो, 'सातारा जिल्ह्यात पाऊस किती पडतो?' महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि जेमतेम शंभर किलोमीटरवरच्या माणात पाचशेच्या आसपास. यांची सरासरी काढून छत्री घेणारा माणूस दोन्हीकडे फसतो. स्पेनमध्ये हाच खेळ आहे, फक्त इथे सह्याद्री एक नाही. उत्तरेला समुद्राला समांतर कांताब्रियन डोंगर, ईशान्येला पिरेनीज, मध्ये माद्रिदच्या डोक्यावरची रांग, पूर्वेला इबेरियन रांग, दक्षिणेला सिएरा नेवाडा आणि तिची भावंडं. प्रत्येक रांगेला एक कोकण आहे आणि एक माणदेश.

म्हणून गावाचं नाव कळलं की मी उंची बघतो, ते डोंगराच्या कोणत्या अंगाला आहे ते बघतो, आणि त्या दिवशीचा वारा तिथे पोचण्याआधी कशावरून आलाय ते बघतो. नकाशावर उत्तर की दक्षिण, हे त्यानंतर.

उंचीपासून सुरू करू, कारण भारतातून येणारे पाहुणे तिथेच गाफील राहतात. स्पेन म्हटलं की डोळ्यांपुढे समुद्रकिनारा येतो. प्रत्यक्षात देशाचा मधला मोठा भाग म्हणजे एक उंच पठार आहे. त्याला मेसेटा म्हणतात. माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण ६६० मीटरवर आहे, म्हणजे पुण्याहून शंभरेक मीटर जास्तच, आणि वर चाळीस अक्षांशावर. बुर्गोस ८६०, सेगोव्हिया हजार, आणि तुम्ही एका दिवसासाठी जाणार आहात ते आव्हिला ११३० मीटर. तुमच्या दिवसांत माद्रिदला दुपारी १७-१८ अंश असतील, ऊन छान असेल, लोक बाहेर खुर्च्या टाकून बसलेले दिसतील. पहाटे मात्र आठ-नऊ. आव्हिलाला सकाळी लवकर पोचलात तर तीन-चार अंशांची तयारी ठेवा, आणि तिथली तटबंदी उघड्या माळावर आहे, आडोसा नाही. या पठारावर एक म्हण आहे, 'न्वेव्हे मेसेस दे इन्व्हिएर्नो, त्रेस दे इन्फिएर्नो': नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. दुसरी म्हण माझी जास्त आवडती. 'चाळीस मेपर्यंत अंगरखा काढू नकोस.' चाळीस मे म्हणजे नऊ जून. आपल्याकडे तोवर मृगाचा पाऊस दारात आलेला असतो.

पठार कोरडं, समुद्र लांब, त्यामुळे दिवस-रात्रीतला आणि उन्हाळा-हिवाळ्यातला फरक मोठा. माद्रिद आणि सारागोसाच्या मध्ये मोलिना दे आरागोन नावाचं गाव आहे. १९५२ च्या जानेवारीत तिथे पारा उणे २८.२ ला गेला होता. तेरुएल, कालामोचा आणि हे मोलिना या तिघांना इथे थंडीचा त्रिकोण म्हणतात. २०२१ च्या जानेवारीत फिलोमेना वादळानं माद्रिदमध्ये अर्धा मीटर बर्फ टाकला, त्यानंतरच्या निरभ्र रात्रींत तेरुएल प्रांतात पारा उणे २५ च्या खाली गेला. आणि त्याच वर्षीच्या १४ ऑगस्टला कोर्दोबाजवळच्या ला राम्ब्ला गावात ४७.६ अंशांची नोंद झाली, ती देशातली आजवरची सर्वाधिक. फिलोमेनात मी तेरुएलच्या एका टेकडीवर गोठलेल्या अ‍ॅनिमोमीटरवरचा (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) बर्फ काढत होतो आणि ऑगस्टमध्ये कोर्दोबाकडे कामाला होतो. देश एक, वर्ष एक, बूट मात्र दोन लागले.

आता डोंगराची बाजू. २०२३ च्या नोव्हेंबरात पठारावरचं लेओन आणि उत्तर किनाऱ्यावरचं आस्तुरियास यांच्यामधला पाहारेसचा रेल्वे बोगदा सुरू झाला, पंचवीसेक किलोमीटर लांबीचा. लेओनच्या बाजूनं गाडी आत शिरते तेव्हा बाहेर पिवळं गवत, मोकळं निळं आकाश. काही मिनिटांनी पलीकडे बाहेर पडते तेव्हा खिडकीवर थेंब, हिरवीगार कुरणं, डोंगराला लोंबकळलेले ढग. पावसाळ्यात कर्जतहून घाट चढून पुण्याकडे येताना जे होतं त्याचं उलटं. कारण तेच: अटलांटिकवरून आलेली ओली हवा उत्तर किनाऱ्याला लागून उभ्या डोंगरावर आदळते, वर चढते, थंड होते, रिकामी होते. पलीकडे उतरते ती कोरडी.

तुमच्या मार्गावर हा प्रकार सारागोसा ते सान सेबास्टियन या टप्प्यात दिसेल. रस्त्यानं पावणेतीनशे किलोमीटर. सारागोसाला वर्षाला सव्वातीनशे मिलिमीटर पाऊस, सान सेबास्टियनला दीड हजारांच्या वर. पाम्प्लोना सोडून घाट उतरायला लागलात की वायपर सुरू होतो, तो दोन दिवस बंद होईल याची खात्री देत नाही. पण हा आपला धो धो पाऊस नव्हे. इथले बास्क लोक त्याला सिरिमिरी म्हणतात, वायव्य कोपऱ्यातल्या गालिसियात ओर्बायो. पडतोय की नाही कळत नाही, आणि अर्ध्या तासानं बाही पिळावी लागते. माझी आई इथे आली होती तेव्हा सांतियागो दे कोम्पोस्तेलाला चार दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी तिनं धुतलेली साडी हातात धरून विचारलं, 'अरे, आपण रत्नागिरीला आलोय का?' सांतियागोचा पाऊस अठराशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे रत्नागिरीपेक्षा कितीतरी कमी. पण तो वर्षभर पसरलेला, म्हणून साडी दोन्हीकडे ओलीच. गालिसियातल्या खेड्यांत मक्याची दगडी कोठारं खांबांवर उभी असतात, त्यांना ओर्रेओ म्हणतात. भिंतींना फटी ठेवलेल्या, खांबाच्या डोक्यावर उंदीर चढू नये म्हणून सपाट दगड. आत हवा खेळावी, दाण्याला बुरशी लागू नये, एवढाच हिशेब.

'हिरवा स्पेन' म्हणून हा सगळा किनारा एकाच पोत्यात घालतात, तेही खरं नाही. गालिसियाच्या दक्षिण किनाऱ्यावर हिवाळ्यात प्रचंड पाऊस, पण जुलै बऱ्यापैकी कोरडा. बास्क किनाऱ्यावर बाराही महिने हजेरी. आणि एखाद्या दिवशी वारा दक्षिणेकडून सुटला तर सगळं उलटं होतं: डोंगर ओलांडून उतरणारी हवा दाबली जाते, तापते, आणि डिसेंबरातही बिल्बाओला लोक शर्टावर फिरतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बिल्बाओच्या विमानतळावर ४४ अंश नोंदले गेले. पावसासाठी प्रसिद्ध गाव, आणि नागपूरच्या मे महिन्याचं तापमान. अशा गरम दिवसाच्या शेवटी कधी कधी समुद्रावरून गालेर्ना सुटतो. काही मिनिटांत तापमान दहा अंशांनी उतरतं, वारा पश्चिमेला फिरतो, समुद्र खवळतो. १९१२ च्या ऑगस्टमधल्या अशाच एका गालेर्नानं शंभराहून अधिक मच्छीमार नेले, त्यातले बहुतेक बेर्मेओ या एका गावचे. हा मुख्यतः उन्हाळ्याचा खेळ, तुमच्या दिवसांत त्याची काळजी नको.

सारागोसाबद्दल मी जरा जास्त बोलणार, माझं गाव आहे. पिरेनीज आणि इबेरियन रांग यांच्यामध्ये एब्रो नदीचं खोरं नरसाळ्यासारखं पडलंय. बिस्केच्या उपसागराकडे दाब जास्त आणि भूमध्य समुद्राकडे कमी झाला की त्या नरसाळ्यातून वायव्येचा वारा सुटतो. त्याला सिएर्सो म्हणतात. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या रोमन कातोनं याच वाऱ्याबद्दल लिहून ठेवलंय की बोलायला तोंड उघडलं तर तो तोंडात भरतो, आणि हत्यारबंद माणसाला, भरलेल्या गाड्यालाही उलथवतो. आमच्या धंद्यात हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, आणि त्याच वाऱ्यावर एब्रोच्या दोन्ही बाजूंना आज शेकडो पवनचक्क्या फिरतात. प्रवाशाला यातून एवढंच घ्यायचंय की फोनवर दिसणारा आकडा इथे खोटा ठरतो. आठ अंश आणि ताशी पन्नास किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला तीनच अंश लागतात. बाबांना लोकरीच्या स्वेटरपेक्षा वारा अडवणारं पातळ जर्किन जास्त उपयोगी पडेल. लोकरीतून सिएर्सो आरपार जातो. छत्री तर उघडूच नका, पावसातही नाही. इथल्या कचरापेट्यांत उलट्या झालेल्या छत्र्या बघाल तेव्हा कळेल.

वारा पडला की त्याच खोऱ्यात हिवाळ्यात धुकं साचतं. कधी आठवडाभर हटत नाही. तापमान शून्याखाली असेल तर ते धुकं झाडांवर, तारांवर पांढरं गोठतं, त्याला आरागोनमध्ये दोरोन्दोन म्हणतात. ते डिसेंबर-जानेवारीचं, तुम्हाला बहुधा दिसणार नाही.

आता वाऱ्याकडे येतो. इतक्या वर्षांनंतरही नवीन सहकाऱ्याला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो: स्पेनमध्ये वाऱ्याच्या नावावर जाऊ नकोस, तो कशावरून आलाय ते विचार. लेव्हांते म्हणजे पूर्वेचा वारा, पोनिएंते म्हणजे पश्चिमेचा. मालागाच्या किनाऱ्यावर लेव्हांते भूमध्य समुद्रावरून थेट येतो, म्हणून दमट, ढगाळ, गारवा देणारा. तोच वारा जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत दोन खंडांच्या मध्ये आवळला जातो, तारीफाला टोपी, वाळू, कधी कधी माणसाचा धीर उडवतो, आणि काडिसला पोचेपर्यंत जमीन ओलांडून कोरडा, तापलेला असतो. काडिसचे लोक उन्हाळ्यात पोनिएंतेची वाट बघतात, कारण तो अटलांटिकचा गारवा आणतो. पण हाच पोनिएंते अख्खं मेसेटा ओलांडून व्हॅलेन्सियाला उतरला की भट्टीच उघडते. १० ऑगस्ट २०२३ ला व्हॅलेन्सियाच्या विमानतळावर ४६.८ अंश झाले ते त्यानंच. समुद्र डोळ्यांसमोर, आणि त्याच्यावरची एक झुळूक आत येऊ शकत नाही, कारण जमिनीवरचा वारा तिला मागे ढकलतोय. म्हणजे काडिसचा सुखाचा वारा व्हॅलेन्सियाचा वैरी, नाव मात्र तेच. मालागालाही जमिनीवरून येणारा असा गरम वारा आहे, तिथे त्याला तेर्राल म्हणतात.

सेव्हिलला तुम्ही अगदी योग्य वेळी जाताय. ग्वादाल्किव्हिरचं खोरं सखल आहे, उन्हाळ्यात तिथे दुपारी सरासरी ३६ अंश, आणि त्याच खोऱ्यातल्या एसिखा गावाला लोक आन्दालुसियाची, म्हणजे या दक्षिण स्पेनची, कढई म्हणतात. ऑक्टोबरअखेर तिथे दुपारी तेवीस-चोवीस, रात्री तेरा-चौदा. आईला शाल पुरेल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. स्पेन भूगोलानं लंडनच्या रेषेत आहे, पण घड्याळ बर्लिनचं लावलंय. त्यामुळे सूर्य घड्याळाच्या मागे चालतो. दिवसातली सगळ्यात गरम वेळ इथे दुपारी दोनची नसून संध्याकाळी पाचच्या आसपासची असते, आणि सगळ्यात थंड वेळ सकाळी आठची. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे जाईपर्यंत 'सकाळी लवकर निघू' म्हणून आठला हॉटेलबाहेर पडाल तर तो अजून काळोख असतो. जेवण रात्री दहाला का, याचं निम्मं उत्तर यातच आहे.

दक्षिण म्हणजे कोरडी, हाही एक समज. काडिस प्रांतात ग्रासालेमा नावाचं डोंगरगाव आहे. अटलांटिकवरून येणाऱ्या हिवाळी वाऱ्यांना आडवा येणारा तो पहिला उंच डोंगर. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, म्हणजे सांतियागोहूनही जास्त. आणि त्याच आन्दालुसियाच्या पूर्व टोकाला काबो दे गाता, जिथे दोनशे मिलिमीटरसुद्धा होत नाही. सगळे पश्चिमेचे ढग वाटेतल्या डोंगरांवर खाली होऊन आलेले असतात. तिथलं ताबेर्नासचं वाळवंट इतकं खरं वाटतं की अमेरिकेतले काउबॉय दाखवणारे कितीतरी इटालियन सिनेमे तिथे चित्रित झाले. त्याच्याच दक्षिणेला आल्मेरियाच्या किनाऱ्यावर तीस हजार हेक्टरहून जास्त जमीन प्लॅस्टिकच्या पॉलीहाउसखाली आहे, युरोपच्या हिवाळ्यातली ढोबळी आणि टोमॅटो तिथून जातात. पाणी भूगर्भातून उपसलेलं आणि काही समुद्राचं गोडं केलेलं. आपल्याकडच्या बोअरवेलच्या गोष्टीशी ही गोष्ट बरीच जुळते.

इथलाच एक धडा सांगतो. आल्मेरियात एका कामावर कंत्राटदारानं साइट ऑफिसचा कंटेनर एका सपाट, वाळूच्या, रुंद पट्ट्यात ठेवला होता. जागा छान, झाडं नाहीत, गाडी थेट जाते. मेंढ्या घेऊन जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं थांबून सांगितलं, 'ही राम्ब्ला आहे, इथे कुणी झोपत नाही.' आम्ही दोन दिवसांनी कंटेनर हलवला, तोही कंत्राटदाराशी भांडून. सप्टेंबरच्या एका रात्री त्या पट्ट्यातून गढूळ पाणी छातीएवढं वाहून गेलं. राम्ब्ला म्हणजे कोरडी नदी. शब्द अरबी, मूळ अर्थ वाळू. बार्सिलोनाचा प्रसिद्ध रस्ता, ज्यावरून तुम्ही पहिल्याच संध्याकाळी चालणार आहात, त्याचं नावही तिथूनच आलंय.

यामुळे व्हॅलेन्सियाकडे आलो, आणि इथे मी गंभीर आहे. आपल्या आणि यांच्या पावसाचं वेळापत्रक उलटं आहे. उन्हाळ्यात अझोर्स बेटांवरचा जास्त दाबाचा प्रदेश उत्तरेला सरकून अटलांटिकच्या वादळांना दार लावतो, म्हणून जुलै-ऑगस्ट कोरडे. हिवाळ्यात तो खाली सरकतो आणि पश्चिमेकडून पाऊस येतो. भूमध्य किनाऱ्याचं गणित मात्र यात बसत नाही. तिथला मुख्य पाऊस शरद ऋतूत, सप्टेंबर ते नोव्हेंबर, नेमका आपल्या दिवाळीच्या सुट्टीत. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो. अशा वेळी वरच्या थरात थंड हवेचा एक तुकडा मुख्य प्रवाहापासून तुटून खाली येतो आणि एका जागी रेंगाळतो. त्याला इथे दाना म्हणतात, जुने लोक गोता फ्रिया, म्हणजे थंड थेंब. खाली उबदार ओली हवा, वर थंडी, आणि पूर्वेचा वारा त्या ओलाव्याला किनाऱ्यामागच्या डोंगरांवर ढकलत राहतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सियामागच्या तुरीस गावी २४ तासांत ७७१.८ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात एका तासात १८४ च्या वर. प्रांतात सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. सगळ्यात जास्त मोडलेल्या गावांपैकी पायपोर्ताला त्या संध्याकाळी पाऊस जवळजवळ नव्हताच. पाणी वरच्या डोंगरातून पोयोच्या ओढ्यानं आलं. बरेच लोक तळघरातली गाडी वाचवायला खाली उतरले आणि अडकले.

हे घाबरवायला सांगत नाही. बहुतेक वर्षी त्या आठवड्यात व्हॅलेन्सियाला २१-२२ अंश, कोवळं ऊन आणि नारळाच्या पाण्यासारखं जागोजागी मिळणारं ओर्चाता नावाचं पेय, एवढंच असतं. फक्त हॉटेलचं आरक्षण रद्द करता येणारं घ्या, आणि निघायच्या तीन दिवस आधीपासून सरकारी हवामान खातं आएमेतचा इशारा बघत जा. पिवळा असेल तर छत्री घ्या, नारिंगी असेल तर शहराबाहेरचा बेत सोडा, लाल असेल तर ग्रानादालाच एक दिवस जास्त राहा. फोन अचानक कर्कश वाजला तर तो नागरी संरक्षणाचा इशारा असतो, परदेशी सिमवरही येतो. त्या वेळी वरचा मजला धरायचा. गाडी गेली तर जाऊ द्या.

ग्रानादाला पुन्हा उंचीचा हिशेब. गाव सातशे मीटरवर, मागे सिएरा नेवाडा, तिचं मुलासेन शिखर ३४७९ मीटर. तिथल्या आलाम्ब्रा राजवाड्याचं रात्रीचं तिकीट काढलं असेल तर जाड कपडे तिथे घाला, आठ अंशांच्या आसपास असेल. आणि शक्य असेल तर एक अर्धा दिवस काढून सत्तर किलोमीटर खाली मोत्रिल-सालोब्रेन्याच्या किनाऱ्यावर उतरा. त्या डोंगराच्या आडोशाला उत्तरेची थंडी पोचत नाही, दंव पडत नाही. २००६ पर्यंत तिथे ऊस होता, युरोपातला शेवटचा ऊसाचा कारखाना तिथलाच. मी साताऱ्याचा, त्यामुळे बंद कारखान्याचं धुराडं बघून जीव थोडा हलला. आता उसाच्या जागी अ‍ॅव्होकाडो, चिरिमोया (आपल्या सीताफळाची चुलत बहीण) आणि चक्क आंबा. तो ऑक्टोबरात पिकलेला मिळतो. हापूसशी तुलना केलीत तर पस्तावाल, पण दिवाळीत झाडावरचा आंबा खाल्ला हे गावी सांगता येईल.

बार्सिलोनाला फारसं काही सांगण्यासारखं नाही. दुपारी वीस, दमट, एखादी जोराची सर. फक्त उत्तरेला फिगेरेसला दालीचं संग्रहालय बघायला जाणार असाल तर त्रामोन्ताना वाऱ्याची चौकशी करून जा. सिएर्सोचाच भाऊ.

कॅनरी बेटं तुमच्या यादीत नाहीत, त्यामुळे एकच सांगतो. त्यातल्या तेनेरिफे बेटाच्या उत्तर उतारावर ईशान्येचे व्यापारी वारे ढगांची गादी अडकवून ठेवतात, केळी, हिरवळ, रोजची सावली. तेइदेचा ३७१५ मीटरचा डोंगर ओलांडून दक्षिणेला उतरलात की निवडुंग आणि ऊन. मधल्या रस्त्यावर तुम्ही ढगांच्या वर असता. महाबळेश्वर ते माण हे अंतर तिथे तासाभरात पार होतं.

तर बॅगेत काय? जाड एकच कोट आणू नका, तो सेव्हिलला हातात धरून फिरावं लागेल. अंगाला लागून एक पातळ उबदार गंजी, तिच्यावर स्वेटर, तिच्यावर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं टोपीचं जर्किन. आईला साडी नेसायची असेल तर आत लेगिंग आणि पायात मोजे. सान सेबास्टियनसाठी ओल्या फरशीवर न घसरणारे बूट, तिथल्या किनाऱ्यावरच्या दगडी फरशीवर माझ्या आईचा पाय सरकला होता. मोठी घडीची छत्री एकच पुरे, ती उत्तरेला आणि व्हॅलेन्सियाला उघडायची.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनला इथली घड्याळं मागे घेऊन दोन करतात. तो रविवार तुमच्या सहलीतच येतोय. फोन आपोआप बदलतील, बाबांचं मनगटी घड्याळ बदलणार नाही. त्या दिवशी गाडी असेल तर आदल्या रात्री त्यांना सांगून ठेवा.